लाकूड मिळेल, पण आधी चौकशी होईल: झारापकडची एक वखार

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो दुपारी एक ते चार बंद असणाऱ्या फाटकाचा, आणि पातळ फळ्या चिरून द्यायला लावलेल्या वेळेचा. लाकडाबद्दल तक्रार नाही. कोकणात राहून असं वाक्य लिहायला मिळणं सोपं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी वेंगुर्ल्यात घरीच लाकडी नावाच्या पाट्या, ट्रे, भिंतीवरची घड्याळं आणि गणपतीच्या दिवसांत छोटे चौरंग करते, वर हाताने रंगकाम. निम्म्याहून जास्त माल घाटावर जातो, म्हणजे पुण्याला, थोडा बेंगळुरूला. घर समुद्राला इतकं लागून की जुलैत मिठाचं पाणी होतं आणि कपाटाची दारं लागता लागत नाहीत. तुम्हाला छपराचे वासे किंवा दाराच्या चौकटी घ्यायच्या असतील तर हा रिव्ह्यू तुमच्या अर्ध्याच कामाचा. पातळ, रुंद आणि सपाट राहायलाच हवी अशी फळी शोधत असाल तर पुढे वाचा.

कुडाळहून सावंतवाडीकडे येताना झाराप ओलांडलं की महामार्ग सोडून आत जायचं. वखारीचं नाव लिहीत नाही, कारण पाटीवरच ते नाही. पत्र्यावर रंगवलंय, ‘लाकूड मिळेल’. खाली फोन नंबर होता, त्यातले शेवटचे आकडे पावसाने नेले. बाजूला काजूची बाग, पुढे ओंडक्यांचा ढीग, मागे करवतीची शेड. बाहेरून बघितलं तर जिल्ह्यातल्या कुठल्याही वखारीत आणि हिच्यात फरक दिसणार नाही.

फरक कळतो तो काउंटरवर. (काउंटर म्हणजे शाळेतलं जुनं बाक.) तुम्ही म्हणता, सागाच्या फळ्या द्या, दहा इंच रुंद, पाऊण इंच जाड. इतर ठिकाणी माप लिहून घेतात आणि दर सांगतात. इथले काका पेन खाली ठेवतात आणि विचारतात, “खंय लावूचा आसा?”

पहिल्यांदा वाटतं, तुम्हाला काय करायचंय, मी कुठे का लावेना. पण उत्तर मिळाल्याशिवाय काका उठतच नाहीत. घरात की ओटीवर? भिंतीला चिकटून की मोकळं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, इकडे की घाटावर? मी पुणं म्हटलं तेव्हा त्यांनी समोर रचलेल्या चांगल्या कोरड्या दिसणाऱ्या फळ्यांवर हात मारला आणि म्हणाले, “ह्या तुका नको. बाये, लाकूड सुकला म्हणजे काय? खंयच्या गावाक सुकला, ता सांग.”

या एका प्रश्नासाठी मी एवढ्या लांब जाते. हस्तकलेचं सामान विकणाऱ्या सगळ्यांना ‘सीझन्ड’, म्हणजे नीट सुकवलेलं, हा शब्द पाठ आहे. कुठल्या हवेला सीझन केलंय हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

त्यामागचा हिशेब असा. लाकूड कायमचं कोरडं कधीच होत नाही. ज्या हवेत ठेवाल त्या हवेशी ते जुळवून घेतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 90 टक्क्यांच्या घरात असली, म्हणजे आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट, तर लाकडातला ओलावा हळूहळू त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतो. आर्द्रता 65 टक्के असली तर साधारण 12 वर. आणि घाटावर मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा 30 टक्क्यांवर आली की लाकूड 6 टक्क्यांच्या दिशेने निघतं. लाकडातला ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या वर कितीही असला तरी आकार बदलत नाही, त्याखाली उतरला की प्रत्येक टक्क्याला लाकूड आकसतं. भारतीय मानक 287 मध्येही लाकडातल्या ओलाव्याची मर्यादा देशभर एकच धरलेली नाही, हवेच्या आर्द्रतेप्रमाणे चार विभाग केलेत. आपली किनारपट्टी सगळ्यात ओल्या, चौथ्या विभागात.

आता दहा इंची सागाची फळी घ्या. साग हे शहाणं लाकूड समजलं जातं, तरी पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वर्षवलयांच्या दिशेने 5.8 टक्के आकसतं, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने 2.5 टक्के. लांबीत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे इथे 18 टक्के ओलावा असताना केलेली पाटी पुण्यात 8 टक्क्यांवर आली तर रुंदीत पाचएक मिलिमीटर जाणार. सारखी आकसली तर एक वेळ चालेल. पण दोन दिशांना दोन वेगळ्या मापांनी आकसते, म्हणून तर फळीची पन्हळ होते.

आधी मी जिथून लाकूड घ्यायचे त्या दुकानातून (नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती) ‘भट्टीत सुकवलेलं, अजिबात वाकणार नाही’ अशा खात्रीने ट्रेसाठी फळ्या आल्या होत्या. भट्टीत सुकवल्या होत्या हे खरं असेलही. पण नंतर पावसाळाभर त्या दुकानाच्या मागच्या ओल्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. भट्टीतून बाहेर आलेलं लाकूड पुन्हा ओलावा पितंच, आणि एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला वारा असला तर दोन बाजूंनी वेगवेगळा पितं. पुण्याच्या गिऱ्हाइकाने उन्हाळ्यात फोटो पाठवला. ट्रेमध्ये कप ठेवला की तो आपोआप मधे सरकत येत होता. गिऱ्हाईक हसत होतं, मी नव्हते.

झारापच्या वखारीत फळी भिंतीला टेकवलेली दिसली तर काकांचा मुलगा कामगारावर ओरडतो. सगळ्या फळ्या आडव्या, जमिनीपासून हातभर उंच, प्रत्येक थराच्या मधे इंचभर जाडीच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत. हे ओळीचं महत्त्व मला इथेच कळलं. वरच्या थराची पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी वर नसली तर वजन मधल्या मोकळ्या जागेवर येतं आणि फळी सुकता सुकताच तिथे बाक धरते. रासेच्या वर जांभ्या दगडाचे चिरे ठेवलेत, म्हणजे सगळ्यात वरची फळीही जागच्या जागी दबून सुकते. फळ्यांची टोकं उरलासुरला ऑइलपेंट फासून बंद केलेली, त्यामुळे शेडमध्ये निळी-हिरवी-तपकिरी टोकं दिसतात. टोकाकडून पाणी फळीच्या सपाट अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने उडतं. टोकं आधी आकसली आणि मधला भाग फुगलेला राहिला की तडा जातो. प्रत्येक रासेवर खडूने महिना लिहिलेला. जुना ठोकताळा इंचाला एक वर्षाचा आहे. काका त्यात आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने धरतच नाहीत. “त्या दिवसांत लाकूड सुकना नाय, नुसता रवता,” हे त्यांचं म्हणणं.

आणि मग ती खोली. शेडच्या टोकाला दहा बाय बाराची, खिडक्या बंद, दाराला रबराची पट्टी. वखारीत तिला सगळे ‘घाट’ म्हणतात. “ह्या घाटात घाल” म्हटलं की ऑर्डर पुण्या-बेंगळुरूची आहे हे कामगाराला कळतं. आत डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) चालू असतो आणि भिंतीवर आर्द्रतेचा काटा. 50 ते 55 टक्क्यांच्या मधे ठेवतात. पावसाळ्यात यंत्राची पाण्याची टाकी दिवसातून दोनदा ओतावी लागते, असं मुलगा सांगत होता. शेडमध्ये सुकलेल्या फळ्या या खोलीत काही आठवडे राहतात आणि 10-11 टक्क्यांवर आल्या की बाहेर येतात. याहून कमी का नाही, असं मी विचारलं होतं. उत्तर सरळ होतं: पुण्यातही पावसाळा असतो, तिथे वर्षभरात लाकूड जेवढं वर-खाली करतं त्याच्या मधोमध द्यायचं.

या खोलीचे घनफुटामागे वेगळे पैसे लागतात. मी कुरकुर न करता देते. आपल्याच भागात राहणाऱ्या माणसाने मात्र ते देऊ नयेत. सावंतवाडीत किंवा मालवणात घरात लावायच्या वस्तूला उघड्या शेडमधलं 14-15 टक्क्यांचं लाकूड बरोबर. उगाच जास्त सुकवलेलं घेतलंत तर पावसात फुगून चौकट फोडेल. काका स्वतःच हे सांगतात आणि स्वस्तातला माल देतात, तेव्हा माणूस धंदेवाईक आहे की नाही असा प्रश्न पडतो.

ओलावा मोजायचं दोन टाचण्यांचं छोटं यंत्र मुलाकडे आहे. ते लाकडातून वीज किती अडते त्यावरून ओलावा सांगतं. तसलं यंत्र ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतं, मीही घेतलंय. पण वापरायचं कसं ते याच्याकडून शिकावं. तो फळीच्या वरच्या अंगाला टाचण्या टोचतच नाही. टोकाकडून वीतभर आत तुकडा कापतो आणि ताज्या कापावर मधोमध टोचतो. वरचं अंग चार दिवसांच्या उन्हातही कोरडं दाखवतं. दुसरं म्हणजे जातीप्रमाणे आकडा बदलतो, त्यामुळे साग आणि फणस यांचे आकडे सरळ एकमेकांशी ताडायचे नाहीत. तिसरी गोष्ट आम्हा किनाऱ्यावरच्यांसाठी: लाकडात खारट पाणी मुरलं असेल तर वीज सहज वाहते आणि यंत्र खोटा चढा आकडा दाखवतं. होडीचं जुनं लाकूड आणून ‘रस्टिक’ पाट्या करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जातीबद्दल काकांची मतं ठाम आहेत आणि बहुतेक मला पटलीत. रंगकामासाठी ते सागाकडे वळूच देत नाहीत, शिवण नावाच्या झाडाचं लाकूड गळ्यात मारतात. शिवण फिकट, हलकी, रंग छान धरते. आकसण्यातही सागाच्या बरोबरीची, उलट काकणभर बरी: वलयांच्या दिशेने 4.9 टक्के, दुसरीकडे 2.4. किंमत सागापेक्षा बरीच कमी. माझ्या सगळ्या रंगवलेल्या पाट्या आता शिवणीच्या. फणस मी न रंगवता तेलावर ठेवते, त्याचा पिवळा रंग वर्षभरात मधासारखा गडद होतो आणि लोक तो मागून घेतात. आंबा स्वस्त, पण रुंद पातळ कामाला नको, शिवाय पांढऱ्या भागाला भुंगा लागून पीठ पडतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं नाव काढलं तर काका फक्त चुलीकडे बोट दाखवतात. (इथे मी असहमत आहे. बाभळीची रेघ सुंदर असते, छोट्या वस्तूंना चालते.) पांगारा ते ठेवत नाहीत. सावंतवाडीच्या चितार आळीत रंगीत फळं-खेळणी होतात त्या कामाचं ते लाकूड, तिकडेच विचारा.

फळी निवडताना टोक बघायचं, हे काकांनी शिकवलेलं सगळ्यात कामाचं. टोकावरच्या वर्षवलयांच्या रेघा कमानीसारख्या आडव्या दिसल्या तर ती फळी पन्हळणारच, आणि सुकताना सालीकडची बाजू खोलगट होणार. रेघा उभ्या असल्या तर फळी जवळजवळ सपाट राहते आणि आकसतेही निम्मी. वरच्या दहा इंची सागाच्या हिशेबात पाचाच्या जागी दोन मिलिमीटर. उभ्या रेघांच्या फळ्या ओंडक्यातून कमी निघतात, वाया जाणारं लाकूड जास्त, म्हणून त्या महाग. काका त्या वेगळ्या काढून ठेवतात, पण मागितल्या तरच दाखवतात. तेव्हा मागा. एवढी रुंद मिळाली नाही तर ते अडीच-तीन इंची पट्ट्या जोडून घ्यायला सांगतात, एकीची कमान वर, दुसरीची खाली, अशा आलटून पालटून. घड्याळाच्या तबकड्या मी तशाच करते.

दुकानाबाहेरची, पण त्यांच्याच बोलण्यातून मिळालेली एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे, कारण लाकूड चांगलं मिळूनही माल वाकतो तो बहुतेक इथे: एकाच बाजूला रंग. पुढून प्रायमर, रंग, वार्निश असे चार हात आणि मागून कोरी फळी. पाण्यातला प्रायमर लागला की पुढची बाजू तिथेच फुगते, पुढे पावसाळाभर मागची बाजू ओलावा घेत राहते आणि पुढची अडवते. जे पुढे तेच मागे, तितकेच हात, टोकांना एक जास्त. मागची बाजू कोणाला दिसत नाही हे खरं, पण हवा काही पुढून विचारून येत नाही. ओलाव्याची वाफ अडवायला चपडा लाखेचं पॉलिश नुसत्या तेलापेक्षा कितीतरी चांगलं. मात्र त्यावर गरम कप ठेवला की पांढरा डाग, म्हणून ट्रेला मी पीयू (पॉलियुरेथेन वार्निश) मारते. आणि कुठलंही पॉलिश ओलावा थांबवत नाही, त्याचा वेग कमी करतं, एवढंच.

बाकी बांधणीचं ज्ञान आपल्या घरातल्या पाटातच आहे. पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या नुसते पाय नाहीत, त्या रुंद फळीला सपाट धरून ठेवतात. तशा पट्ट्या मोठ्या पाटीमागे लावताना सरसाने चिकटवायच्या नाहीत. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट, म्हणजे फळीला आकसा-फुगायला जागा राहते. ट्रेचा तळही चारी बाजूंच्या खाचेत सैल सोडायचा.

फळी वाकलीच तर काकांकडे परत घेऊन जाता येते, पण ते बदलून देत नाहीत, उपाय सांगतात. खोलगट बाजू कोरडी पडलेली असते, म्हणून ती खाली, ओल्या फडक्यावर, आणि फुगीर बाजू उन्हाकडे. तास-दोन तासांनी बघत राहायचं, सरळ झाली की लगेच दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी उचलून वजनाखाली ठेवायची. रंगवलेल्या मालाला हा उपाय नाही. बदलून न देण्याबद्दल कोणी तारे कापत असेल तर मी समजू शकते. मला आजवर त्यांच्याकडचं काही परत न्यावं लागलं नाही, म्हणून मी कापत नाही.

आता कटकटी. दर आजूबाजूच्या वखारींपेक्षा घनफुटामागे दोन-तीनशेने जास्त, आणि घासाघीस केली तर काका गप्प बसतात, तेही बराच वेळ. अर्ध्या इंचाखाली चिरून हवं असेल तर आठवडा धरून चला. मोठ्या करवतीवर पातळ काम होत नाही, छोटी करवत मुलालाच चालवता येते, आणि मुलगा सारखा डिलिव्हरीला बाहेर. चिरल्यावर लगेच घरी नेऊ नका असंही तेच सांगतात. जाड फळीच्या पोटातला ओलावा चिरल्यावर उघडा पडतो, म्हणून आठ-दहा दिवस पट्ट्यांवर विसावू द्यायची आणि मगच शेवटचा रंधा, दोन्ही अंगांवरून सारखा. शिकवलेलं बरोबर आहे, पण त्यासाठी दुसरी खेप पडते.

फोनला रेंज येत नाही, त्यामुळे स्कॅन करून पैसे देताना काजूच्या बागेपर्यंत चालत जावं लागतं. रोख न्या. सागाला वन खात्याच्या पासाची नोंद असलेली पावती मिळते, ती मागायला लागत नाही. स्वतःच्या गाडीने गेलात तर ताडपत्री आणि दोऱ्या न्या. जूनमध्ये ‘घाटा’तून काढलेली फळी उघडी घरी आणली तर त्या खोलीचे पैसे महामार्गावरच धुतले जातील. मी फळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, टेपने बंद करून आणते आणि काम करायच्या दिवशीच उघडते.

जायचंच असेल तर सकाळी नऊ ते बारा उत्तम. गणपतीच्या आधीचा महिना टाळा, तेव्हा माटवी, पाट आणि चौरंगवाल्यांची रीघ असते आणि काका कोणालाच धड वेळ देत नाहीत. घाटावर पाठवायचा दिवाळीचा माल असेल तर ऑर्डर मे महिन्यात नोंदवा, कारण ‘घाटा’त जागा मोजकी आहे आणि तिथली अर्धी मांडणी माझ्या शिवणीने अडवलेली असते.